‘लेट’ची जागा

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं. तरी एका शब्दाच्या चुका अजून त्याच आहेत, म्हणून या स्मरणिकेत आजच्या मुलांसाठी तो शब्दच घेतो : लेट. नाल्याला पूर आला की एसटी लेट, पांदणीच्या चिखलातून येणारी पोरं लेट. शब्द सगळ्यांना येतो, वाक्य अडतं.

‘मला उशीर झाला’ यात उशीर हे नाम आहे आणि तो मला होतो. इंग्रजीतलं लेट हे विशेषण. ते सरळ माणसालाच लागतं : ‘आय ॲम लेट’. ‘माय लेट हॅपन्ड’ असं मुलं लिहितात ते मराठीच्या वळणामुळे. किती उशीर ते आधी सांगायचं, ‘टेन मिनिट्स लेट’. कशाला ते ‘फॉर’ लावून, ‘लेट फॉर स्कूल’.

खरी काळजी जागेची घ्यावी. ‘माय ग्रँडफादर इज लेट’ म्हणजे आजोबा अजून यायचे आहेत. ‘माय लेट ग्रँडफादर’ म्हणजे आजोबा आता नाहीत. माणसाच्या आधी लागलेला लेट बहुधा आपल्या ‘कै.’चं काम करतो. वस्तूला हा नियम नाही. ‘लेट बस’ ही उशिराचीच बस. म्हणून अर्जात ‘लेट स्टुडंट’ कधीही लिहू नका. ‘द स्टुडंट हू केम लेट’ लिहा.

याच वाक्यात ‘केम लेटली’ लिहिण्याचा मोह होतो, कारण ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं हे पाठ असतं. इथे क्रियाविशेषणही लेटच. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

तुलनेची रूपं दोन जोड्यांत येतात. वेळेसाठी लेटर, लेटेस्ट. क्रमासाठी लॅटर, लास्ट. पऱ्हाटी आणि तूर अशी दोन पिकं सांगून ‘द लॅटर’ म्हटलं, तर ती तूर. (उच्चाराकडेही लक्ष द्या : ‘नंतर’ या अर्थाच्या लेटरमधला ‘ले’ लांबवायचा, पत्राच्या लेटरमधला आखूड.) कापसाचा ‘लेटेस्ट रेट’ म्हणजे आताचा ताजा भाव, उद्या तो बदलू शकतो. ‘लास्ट पिकिंग’ म्हणजे शेवटचा वेचा. त्यानंतर पऱ्हाटी उपटायची.