ठाण्याच्या उकाड्यात परवडणारी वाइन

सुरुवात नाशिकच्या शेनिन ब्लां या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनपासून करावी. मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं हे द्राक्ष आंबटपणा छान टिकवतं. कोळंबीच्या तिखट कालवणाबरोबर किंचित गोडसर शेनिन घ्या, ८-१० अंशांना. शिराझ ही रेड वाइन तिथे नकोच. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) आणि अल्कोहोल जिभेची आग वाढवतात.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला ठाण्यात साफ फसतो. इथे खोली ३० अंशांवर, शिराझला हवेत १६-१८. बाटली उघडण्याआधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवाच. गरम शिराझमध्ये फळांचा गंध दबतो आणि नाकात नुसतं अल्कोहोल जातं.

दुकानात उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका. बूच वर सरकलेलं असेल तर वाइन बहुधा तापलेली असते. उरलेली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा.