रंगाऱ्याच्या आधी प्लंबर

भाडेकरूने घर सोडलं की बहुतेक मालक आधी रंगाऱ्याला बोलावतात. माझं ठाम मत: आधी गळती शोधा. ओल्या भिंतीवरच्या नव्या रंगाला लवकरच पोपडे येतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्या, २ तासांनी पुन्हा पाहा. (वरची टाकी भरत असताना हे करू नका, आकडा फसवतो.) आकडा सरकला तर पहिला संशय फ्लशवर. त्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता २० मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी वॉशर बदला.

भिंतीवर डाग असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतूनच येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवा दमट आहे. तिथे भिंत फोडू नका, हवा खेळती करा.

घर रिकामं राहणार असेल तर बाथरूमच्या ट्रॅपमधलं (जाळीखालच्या, गटाराचा वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी आटून दुर्गंधी येते. अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा.