लार्ज ब्रदर

समानार्थी शब्द पाठ केलेल्या कुणालाही विचारा, ‘बिग’ म्हणजे काय? उत्तर एका दमात येईल : लार्ज, ग्रेट, ह्यूज. परीक्षेपुरतं अगदी बरोबर. पण परीक्षेबाहेर ही मंडळी एकमेकांच्या खुर्चीत बसत नाहीत, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. बिग ब्रदर म्हणजे थोरला भाऊ. लार्ज ब्रदर म्हणाल, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भावाचं पोट येईल. आणि ग्रेट ब्रदर म्हणजे ज्याने तुमच्या घराचे हप्ते भरले तो.

लार्ज हा मापाचा माणूस. शर्टाच्या कॉलरीमागे तोच, पिझ्झाच्या खोक्यावरही तोच. ‘बिग पिझ्झा’ मागून बघा, काउंटरवरचा मुलगा अदबीने विचारेल, “सर, लार्ज ना?” बारमध्ये तर त्याने विशेषणाची पायरी सोडून नामपद पटकावलंय. ‘एक लार्ज’ एवढं म्हटलं की ६० मिलिलिटर. पुढे काही जोडावं लागत नाही. (स्मॉल ३०चा, पण तो मागवून कुणी तेवढ्यावर थांबलेलं पाहण्यात नाही.) कोर्टातही मान लार्जलाच. प्रकरण ‘लार्जर बेंच’कडे जातं. ‘बिगर बेंच’ म्हटलं असतं, तर मराठी कानाला ते न्यायाधीशच नसलेलं पीठ वाटलं असतं! केशवानंद भारती खटल्याचा १९७३चा निकाल १३ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. सर्वोच्च न्यायालयातलं आजवरचं सगळ्यात लार्ज बेंच ते.

इतका शिस्तीचा हा शब्द, आणि आरोपी पळाला की तो मात्र ‘अ‍ॅट लार्ज’! लार्जचा एक जुना अर्थ मोकळा, सुटा असाही आहे, तो इथे टिकून राहिला. शिडाच्या जहाजांच्या काळात वारा पाठीशी घेऊन जाणं म्हणजे लार्ज जाणं, आणि वाऱ्याच्या तोंडाला शक्य तितकं धरून जाणं म्हणजे ‘बाय’. दोन्ही तऱ्हांनी म्हणजे ‘बाय अँड लार्ज’. आता मीटिंगमध्ये आकडे जुळत नसले की हाच वाक्प्रचार कामी येतो.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज ग्रेटबद्दल आहे. शाळेत ‘ग्रेट ब्रिटन’ ऐकलं की आपल्याला वाटायचं, केवढी ही घमेंड, स्वतःच स्वतःला महान म्हणवतात! घमेंड होती, ती वेगळी. या नावात मात्र नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा ब्रिटनी हा धाकटा ब्रिटन, आणि खाडीपलीकडचं बेट हा थोरला. ग्रेट म्हणजे इथे निव्वळ आकाराने मोठा. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’च्या नावातला ग्रेट कशाला लावायचा, द्वीपकल्पाला की रेल्वेला, हे त्या कंपनीलाच ठाऊक. १६ एप्रिल १८५३ला तिची पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, जेमतेम ३४ किलोमीटर. नाव आधी मोठं ठेवलं, रूळ नंतर वाढवले.

महापालिकेच्या इंग्रजी नावातल्या ‘ग्रेटर मुंबई’चंही तेच. त्यात कौतुकाचा अंश नाही, उपनगरं जोडून वाढलेली मुंबई एवढंच. मराठीत ‘बृहन्मुंबई’ केलं ते फार नेमकं झालं. ‘महान मुंबई’ केलं असतं, तर दर पावसाळ्यात लोकांनी पालिकेला पळता भुई थोडी केली असती. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंमध्येही ग्रेटर आणि लेसर अशा दोन जाती असतात. लेसरमध्ये कमीपणा काही नाही, उंचीने लहान आणि रंगाने उलट जास्त गुलाबी.

आपला ‘थोर’ही याच वाटेने गेलेला. थोरली पाती, थोरली जाऊ, थोरले बाजीराव यांतला थोर वयाचा. थोर पुरुषांमधला कर्तृत्वाचा. थोरल्या जावेला कुणी थोर समजेलच असं नाही, पण शब्द एकच.

ह्यूजबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पूर्वी तो डोंगराला, हत्तीला आणि कर्जाला लावत. हल्ली माणसं स्वतःच ‘ह्यूज फॅन’ असतात, वजन पंचेचाळीस किलो का असेना.

राहता राहिला बिग. हा घरातला, तोंडातला शब्द. दुकानदार कपड्यावर लार्ज लिहितो, पण सेल मात्र ‘बिग’ लावतो, कारण तिथे मोजमाप नको असतं, आरडाओरडा हवा असतो. आणि टोमणा मारायला याच्यासारखा दुसरा नाही. कुणी तोऱ्यात म्हणालं, “जा, केलं माफ तुला,” की इंग्रज थंडपणे म्हणतो, “दॅट्स व्हेरी बिग ऑफ यू.” कोशात अर्थ सापडेल : उदार, मोठ्या मनाचा. त्यावर विसंबून ‘थँक यू’ म्हणू नये. हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही आजीला न शिकवता येतं : “मोठा आलाय माफ करणारा!”