मण्यार की कवड्या, नियम पाठ असूनही

पावसाळा लागला की नागपूरच्या बेसा साईडच्या आमच्या ग्रुपवर सापाचे फोटो सुरू. टॉर्चच्या उजेडात काढलेले, अर्धा साप पायपुसणीखाली, आणि पहिला रिप्लाय ठरलेला: "मण्यार आहे, दूर राहा". मग सर्पमित्र येतो, पाहतो आणि म्हणतो, "कवड्या आहे काकू, बिनविषारी."

गंमत म्हणजे नियम ग्रुपवर पिन करून ठेवला आहे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचं उलटं, मानेकडे फिके किंवा नसतातच आणि शेपटीकडे स्पष्ट. लोकांना पाठ आहे हो! पण ज्यांच्या अंगणात कधी मण्यार निघाली होती ते पट्टे बघतच नाहीत, त्यांना तोच साप आठवतो आणि उत्तर तयार.

यावर अॅलन आणि ब्रूक्स या मानसशास्त्रज्ञांचा 1991 चा एक प्रयोग आहे, मला फार आवडतो. काल्पनिक प्राण्यांची चित्रं, काही घर बांधणारे, काही खोदणारे. नियम आधीच सांगून टाकला: लांब पाय, कोनदार अंग, ठिपके, तीनपैकी दोन असले की बांधणारा. सरावानंतर नवीन चित्रं दिली, त्यातली काही सरावातल्या एखाद्या प्राण्यासारखीच दिसणारी पण नियमाने दुसऱ्या गटातली. तिथेच लोक जास्त चुकले, आणि वेळही जास्त लागला. आता तीनपैकी दोन मोजायला काय लागते बावा, पण आठवणीतलं चित्र मधे येतंच. अक्कल कमी म्हणून नाही. त्वचारोगाच्या फोटोंवर डॉक्टरांसोबतही असं करून पाहिलंय, आधी पाहिलेल्या केससारखी केस आली की निदान जास्त बरोबर येतं, म्हणजे एरवी ही सवय कामाचीच आहे.

कवड्याला मण्यार म्हटलं तर फार तर कवड्याचा जीव जातो (तेही वाईटच). मला धास्ती उलट्या चुकीची आहे. ज्यांच्या भिंतीवर दरवर्षी कवड्या चढतो ते म्हणून राहिले, "हा आपला नेहमीचाच". मण्यार अतिविषारी, बहुतेक रात्री चावते, दुखतही फारसं नाही, माणूस दवाखान्यात न जाता झोपून जातो. म्हणून मी अॅडमिनला म्हटलं की नुसता नियम नको, दोघांचे सारखे दिसणारे फोटो शेजारी शेजारी टाक, आणि वर लिही की सर्पमित्र येईपर्यंत पट्टेवाला प्रत्येक साप मण्यारच समजायचा.