सिंगल कॉलममधले आल्वारो कुन्याल

जून २००५ मध्ये मी एका मराठी दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानाचे काम पाहत होते आणि गोवा आवृत्तीचे तेच पान आमच्याच डेस्कवरून सुटत असे. १३ तारखेला पोर्तुगीज कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस आल्वारो कुन्याल यांचे वयाच्या ९१ व्या वर्षी लिस्बनमध्ये निधन झाले. मुख्य उपसंपादकांनी त्यांना पानाच्या तळाशी सिंगल कॉलम दिला, कारण कॅलिफोर्नियात मायकेल जॅक्सनच्या खटल्याचा निकाल कोणत्याही क्षणी येणार होता आणि पानाचा वरचा भाग त्यासाठी राखलेला होता.

वृत्तसंस्थेचा मजकूर शेवटाकडून कापता यावा अशा बेतानेच रचलेला असतो, आणि घाईच्या रात्री उपसंपादक तो तसाच कापतो. त्यामुळे माणसाचे आयुष्य पहिल्या दोन परिच्छेदांत लिहिणाऱ्याने काय ठेवले, एवढ्यावरच ठरते. त्या मजकुरात वर होते ते ‘कट्टर मॉस्कोनिष्ठ’ हे विशेषण आणि १९६८ मधील चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाला त्यांनी दिलेला पाठिंबा; तुरुंगवास पार खाली, म्हणजे कात्रीच्या वाटेवर होता.

वास्तविक १९३१ मध्ये पक्षात आलेल्या या माणसाने १९४० मध्ये कायद्याच्या पदवीचा प्रबंध, तोही गर्भपातासारख्या विषयावर, कैदी असताना पोलिसांच्या पहाऱ्यात येऊन सादर केला होता. परीक्षकांमध्ये मार्सेलू काएतानू होते. हेच गृहस्थ पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे उत्तराधिकारी झाले आणि एप्रिल १९७४ च्या क्रांतीत पदच्युत झाले. कुन्याल यांना १९४९ मध्ये पुन्हा अटक झाली. त्यानंतरच्या कैदेतली कित्येक वर्षे त्यांना एकांतवासात काढावी लागली आणि त्या काळात त्यांनी पेन्सिलीने चित्रे काढली, शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे भाषांतर केले. ३ जानेवारी १९६० रोजी पेनीशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यातून ते नऊ साथीदारांसह पळाले. एका पहारेकऱ्याला क्लोरोफॉर्म देण्यात आला, दुसरा फितूर होता, आणि तटावरून उतरायला चादरी बांधून केलेला दोर होता. पुढच्याच वर्षी ते सरचिटणीस झाले आणि १९९२ पर्यंत त्या पदावर राहिले.

मी दोन कॉलम मागितले, तेव्हा ‘आपल्या वाचकाला याचे काय?’ असा प्रश्न आला. मुंबईच्या वाचकाबद्दल तो एक वेळ मान्य करता येईल. परंतु त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा आणि त्यांच्यासारखे गोव्याचे सत्याग्रही चाळीसच्या दशकात शिक्षा होऊन याच पेनीशच्या किल्ल्यात पाठवले गेले होते. फोंडा-मडगावच्या घरांत त्या किल्ल्याचे नाव ऐकलेली माणसे तेव्हा हयात होती, आणि ज्या राजवटीने त्यांना तिथे डांबले तिच्याविरुद्ध लिस्बनमध्येच कोण लढत होते, हे त्यांना परके कसे वाटेल? आमच्या व्यवसायात ‘स्थानिक’ म्हणजे जवळ घडलेले, इतकाच ठोकळा अर्थ चालतो.

जागा वाढली नाही. मी गोवा आवृत्तीपुरता मजकूर नव्याने लिहिला. पेनीश, पलायन आणि कुन्हांचा उल्लेख घेतला, चेकोस्लोव्हाकिया गाळले. शेजारच्या टेबलावरील ज्येष्ठ सहकारी, जे एरवी कोणाच्या कॉपीत नाक खुपसत नसत, ते वाचून म्हणाले, ‘‘पलायनात थरार आहे, म्हणून तुम्ही ते ठेवलेत. पण सत्तेच्या तुरुंगातून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या देशात रणगाडे घुसल्यावर समर्थन करतो, ही त्याहून मोठी बातमी आहे.’’ मला ते आजही निम्मेच पटते. पलायन केवळ थरारासाठी ठेवले नव्हते. मात्र दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय तो माणूस कळत नाही, हे खरे आहे. चौदा ओळींत ते कसे साधावे, हे त्यांनीही सांगितले नाही.

१५ तारखेला लिस्बनमध्ये अंत्ययात्रा निघाली आणि लाल झेंडे घेतलेल्या अफाट जनसमुदायाची छायाचित्रे आली. गर्दीच्या छायाचित्राला मुख्य उपसंपादकांनी न मागता तीन कॉलम दिले.