दोन बर्डविंग आणि एक विषारी वेल

फुलपाखरू बंदुकीने पाडलं असं कोणी सांगितलं तर थापच वाटेल ना, पण पापुआ न्यू गिनीत १९०६ साली अल्बर्ट मीक नावाच्या माणसाने खरंच पाडलं होतं, आणि तो छर्रे लागलेला नमुना लंडनच्या म्युझियममध्ये आजही आहे. हेच ते क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. मादीचे पंख पसरले की २५ सेंमीच्या पुढे जातात, रंग मात्र साधा तपकिरी. नर लहान पण निळा-हिरवा, एकदम भारी!

आपल्या सह्याद्रीतलं सदर्न बर्डविंग त्याच्यापुढे छोटंच, १४ ते १९ सेंमी. भारतातलं सगळ्यात मोठं म्हणून बरीच वर्षं याचंच नाव घ्यायचे, मग २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका गोल्डन बर्डविंग मादीने १९४ मिमी भरून तो मान नेला, म्हणजे फक्त ४ मिमीने! दिसायला म्हणाल तर मला आपलंच आवडतं, काळे पुढचे पंख आणि मागे तो झळझळीत पिवळा, उन्हात संथ तरंगत जातं तेव्हा बघतच राहावं.

पण साइजचं कौतुक पुरे, खरी गंमत वेलीत आहे. दोघांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या विषारी वेली खातात, ते विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी सहसा वाटेला जात नाहीत. फरक एवढाच की आपल्या अळीला ईश्वरी चालते, त्याच कुळातल्या दुसऱ्या दोन-तीन वनस्पतीही चालतात, आणि आपलं फुलपाखरू दक्षिण महाराष्ट्रापासून गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत सगळीकडे आहे. तिकडच्या अळीचे नखरे जास्त, तिला रानात उंच चढणाऱ्या ठरावीक वेलीच लागतात आणि राहायला ओरो प्रांतातला छोटासा पट्टा. त्यातलं बरंच जंगल १९५१ मध्ये माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखीने जाळलं, पुढे ऑइल पामच्या लागवडी आल्या, म्हणून ते संकटग्रस्त यादीत आणि आपलं अजून तरी निवांत.

अलेक्झांड्राचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे. ठीक आहे, पण वेल तोडून पाम लावणाऱ्याला त्या बंदीने काय फरक पडणार, तो कुठे फुलपाखरू विकतोय.