सांधणचा ट्रॅक फसला, पण खोली मोजायची युक्ती सापडली

भंडारदऱ्याजवळच्या सांधण घळीचा नकाशा मी स्वतः मोजून करतेय, पण तिथला ट्रॅक, म्हणजे घड्याळातल्या जीपीएसने नोंदलेली वाट, पार वाया गेला. साम्रद गावातून घळीत उतरायचं, पहिले डोह ओलांडून पुढच्या बोल्डरांपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, असा हा सोपा एका दिवसाचा ट्रेक. रॅपल (दोरावरून कडा उतरणं) नाही, रोप नाही. म्हणूनच नकाशासाठी हा टप्पा आधी घेतला होता. घरी येऊन ट्रॅकची जीपीएक्स फाइल उघडली तर रेघ कातळाच्या आरपार जाऊन पठारावर फिरून आलेली, आणि एकूण अंतर चाललो त्याच्या जवळपास दुप्पट. मागच्या नोंदीतला, ताम्हिणी घाटातल्या प्लस व्हॅलीचा ट्रॅक किती स्वच्छ आला होता, ते आठवून जास्तच वाईट वाटलं.

कारण उघड आहे. घळ जागोजागी काही मीटरच रुंद, दोन्ही बाजूंना उभा कातळ. वर दिसते ती आभाळाची पट्टी, आणि तेवढ्यातले उपग्रह एकाच ओळीत. बाकीच्यांचे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतात आणि घड्याळ तेही खरे धरतं. उपग्रहांचे सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारं महागडं घड्याळ घेतल्यावर हा त्रास जाईल असं विकणारा छातीठोकपणे सांगत होता. थोडा फरक पडतो, पण एवढ्या अरुंद घळीत त्रास पूर्ण जात नाही. नकाशातल्या तयार कंटूरवर (समान उंचीच्या रेषांवर) विसंबावं तर तेही नाही. आपण वापरतो त्या बहुतेक नकाशांमागे 2000 सालच्या नासाच्या अवकाश-शटल मोहिमेचा, 30 मीटरच्या चौकटींचा डेटा आहे. एवढी अरुंद घळ त्यात दिसणार कुठून?

मग उंची तरी घड्याळातल्या बॅरोमीटरवरून घेऊ म्हटलं (हवेचा दाब कमी झाला की तो उंची वाढली असं धरतो), तर तिथेही गोची. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या आसपास उतरलेला. फरक साधारण 3 हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक), आणि 1 हेक्टोपास्कल म्हणजे या उंचीवर जवळपास 9 मीटर. दहाला निघून चारला त्याच दगडावर परत आलात, तर घड्याळ तुम्हाला पंचवीसेक मीटर वर दाखवणार. घळीच्या तोंडाशी एक माणूस दुसरं घड्याळ घेऊन बसवला आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहून घेतला, तरच ही चूक वजा करता येते.

म्हणून होकायंत्र आणि पावलं, ही जुनी पद्धत तिथल्या तिथे सुरू केली. इथे बसाल्ट आडवा आला. त्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे भिंतीला टेकून उभं राहिलं की सुई सरकते. उपाय सर्वेक्षणाच्या पुस्तकातलाच: प्रत्येक टप्प्याचं बेअरिंग (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) पुढे बघून घ्यायचं, मग दुसऱ्या टोकावरून मागे बघूनही घ्यायचं. दोन्हींत बरोबर 180 अंशांचा फरक आला तर दोन्ही टोकं विश्वासाची. भिंतीलगत हा फरक 173 आला. घळीच्या मधोमध, एका सपाट बोल्डरवर उभी राहिले आणि 179 आला! सगळ्या दिवसाचं तिथे सार्थक झालं. वाटाड्या दादा मात्र काळजीत. "ताई, पाय दगडावर बघून टाका, मग ते यंत्र," असं ते सतत सांगत होते, आणि शेवाळलेल्या दगडांवर ते योग्यच होतं.

पुढे डोहापाशी पलीकडे जायला रांग लागलेली. दोन माणसांमधली नजररेषा कुणी ना कुणी तोडायचं, त्यामुळे बेअरिंगचं काम तिथेच थांबलं. सुट्टीच्या दिवशी सांधणला जाण्यात अर्थ नाही, हे माझं पक्कं मत. चिप्सची पाकिटं पाण्यात तरंगताना बघून जीव तुटला.

रांगेत उभं असताना खोलीचा विचार डोक्यात आला. सगळीकडे 200 फूट लिहिलेलं असतं, पण ते मोजायचं कसं? आडवं अंतर आणि कोन घेऊन त्रिकोणमितीतला टॅन लावला तर अरुंद घळीत गणित डळमळतं: 6 मीटर अंतराला 80 अंशांवर 34 मीटर, 81 वर लगेच 38. त्याऐवजी अंतर मोजणारा लेझर थेट वर मारून तिरकं अंतर घ्यायचं आणि साइन लावायचा. तिथे एका अंशाची चूक जाणवतही नाही. वरच्या एका कपारीवर करून पाहिलं: 22.4 मीटर, कोन 79, म्हणजे उंची 22 मीटर. पुन्हा मोजलं, तेच आलं. किती सोपं आहे हे!

अडचण दोनच. माझा लेझर 40 मीटरपर्यंतचा, आणि 200 फूट म्हणजे 61 मीटर. शिवाय कड्याच्या माथ्यावर ऊन असलं की लाल ठिपका दिसत नाही. तेव्हा 100 मीटरचा, आत कोनमापक असलेला घ्यायचा आणि माथ्यावर ऊन यायच्या आत घळीत पोचायचं, म्हणजे मुक्काम साम्रदलाच.

आधी करोळी घाटाकडून वर येत पूर्ण घळ मोजायचा बेत होता, तो आता बाजूला. आधी तोंडापासून पहिल्या डोहापर्यंतच, मधल्या वारी, मोजपट्टी लावून. पट्टी फायबरग्लासची, खुणा केलेली नायलॉनची दोरी भिजली की ताणते. हे लिहिता लिहिता सुचलं: घळीच्या तोंडाशी, आभाळ मोकळं आहे तिथे, अर्धा तास जीपीएस ठेवून सरासरी घेतली तर नकाशाला एक पक्का बिंदू मिळेल, आणि सगळे टप्पे त्यालाच जोडता येतील. बॅरोमीटरवाला माणूस तिथे बसणारच आहे, त्याच्याकडेच हे काम. कुणाकडे 30 मीटरची पट्टी आणि मंगळवार-बुधवार रिकामे असतील तर कळवा.